पाऊण सेकंदाचा मुक्काम

१९२८ साली कोपनहेगनमधल्या हेन्रिकेस नावाच्या संशोधकाने रक्ताचा एक हिशेब मांडला आणि तो काही केल्या जुळेना. शरीरशास्त्र सांगत होते की फुप्फुसातल्या केशवाहिनीत रक्त सेकंदभरही थांबत नाही (आजचे मोजमाप विश्रांतीच्या वेळी सुमारे पाऊण सेकंदाचे आहे), आणि तेवढ्यात त्यातला जादा कार्बन डायऑक्साइड हवेत सुटून जातो. रसायनशास्त्र वेगळेच सांगत होते. रक्तातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपात नसतोच. पाण्याशी संयोग होऊन तो बायकार्बोनेट झालेला असतो आणि बायकार्बोनेटला हवेत उडता येत नाही. आधी त्याला पुन्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हावे लागते. फाउरहोल्टने कोपनहेगनमध्येच १९२४ साली या क्रियेचा वेग मोजला होता. ती मंद आहे. आपली आपण होऊ दिली तर तिला कित्येक सेकंद लागतात, आणि रक्ताकडे तर एकही पुरा सेकंद नाही. हिशेबाप्रमाणे माणसाला श्वास सोडता यायला नको होता.

यातून सुटायला दोन वाटा होत्या. एक तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग हिमोग्लोबिनला थेट चिकटून येत असावा आणि झटकन सुटत असावा, नाहीतर तांबड्या पेशींत या क्रियेला वेग देणारे काहीतरी दडलेले असावे. हेन्रिकेसचा कल पहिल्या वाटेकडे होता. तोही अगदीच चुकला नव्हता. रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाचवा हिस्सा खरोखर हिमोग्लोबिनला चिकटून येतो, थोडासा नुसता विरघळलेला असतो आणि उरलेला, म्हणजे सुमारे सत्तर टक्के, बायकार्बोनेट म्हणून येतो. कोडे या सत्तर टक्क्यांचे होते.

ते सुटले केंब्रिजमध्ये, आणि ज्याने सोडवले त्याच्यापाशी कोड्याच्या आधीच एक विलक्षण उपकरण होते. एफ. जे. डब्ल्यू. राउटन आणि त्याचा सहकारी हार्ट्रिज यांनी १९२३ मध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागात घडणाऱ्या क्रिया मोजण्याची रीत काढली होती. त्या काळी इतका बारीक काळ मोजणारे घड्याळ कुठून आणायचे? त्यांनी घड्याळच टाळले. दोन द्रव दाबाखाली एका छोट्या कक्षात आणून मिसळायचे आणि ते मिश्रण लगेच एका काचनळीतून वेगाने वाहू द्यायचे. नळीच्या तोंडाशी मिश्रण नुकते जन्मलेले असते, थोडे पुढे गेले की थोडे जुने, आणखी पुढे आणखी जुने. प्रवाहाचा वेग ठाऊक असला की नळीवरचे अंतर म्हणजेच काळ. निरीक्षकाने एका जागी वर्णपटदर्शक लावून निवांत बसावे, हवा तेवढा वेळ रंग न्याहाळावा. समोरचे पाणी सतत बदलत असते, पण त्याचे वय बदलत नाही. एकाच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही असे हेराक्लायटसच्या नावावर सांगतात. राउटनच्या नळीत मात्र क्षण एका जागी खिळून राहत होता आणि वाहत होते ते फक्त पाणी. विज्ञानाच्या इतिहासात अवाढव्य यंत्रांचे कौतुक फार होते. काळाचे रूपांतर अंतरात करण्याची ही युक्ती मला त्यांच्यापेक्षा मोठी वाटते, कारण ती बहुतांशी डोक्यातच बांधलेली आहे.

रासायनिक वेगांचा इतका सराव असलेल्या माणसाला रक्तातली ही उशीर न होण्याची गोष्ट स्वस्थ बसू देणे शक्यच नव्हते. नॉर्मन मेल्ड्रमबरोबर त्याने रक्तात क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोल मिसळून हिमोग्लोबिन खाली बसवले, गाळून काढले आणि उरलेला द्रव तपासला. सगळा वेग त्या उरलेल्या द्रवात होता. ज्या हिमोग्लोबिनला श्रेय दिले जात होते ते निव्वळ शेजारी निघाले. १९३२-३३ च्या सुमारास त्यातल्या या नव्या विकराला (एन्झाइमला) कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे नाव मिळाले. १९३३ मध्ये फिलाडेल्फियात स्टेडी आणि ओब्रायन यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले.

हे विकर काय करते ते पाहण्याचा एक जुना प्रयोग आहे, फारसा सरंजाम न लागणारा. विल्बर आणि अँडरसन यांनी १९४८ मध्ये त्याला मोजमापाचे रूप दिले. बर्फात थंड केलेल्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्लू हे दर्शक घालायचे. द्रावण निळे दिसते. त्यात कार्बन डायऑक्साइडने भरलेले थंड पाणी ओतायचे. आम्ल तयार होऊन निळ्याचे पिवळे व्हायला हवे, पण ते लगेच होत नाही. निळा रंग तसाच राहतो, मग हिरवट होतो आणि बऱ्याच वेळाने पिवळा. वाट पाहता पाहता माणूस चुळबुळ करू लागतो. आता दुसऱ्या पेल्यात तेच सारे, फक्त आधी रक्ताचा अतिशय पातळ केलेला एक थेंब. ओतल्या ओतल्या रंग पालटतो. प्रयोग करून दाखवणारे बहुधा इथे थांबतात, कारण या झटक्याने बघणारे खूश होतात. मला अधिक विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. थोडा वेळ गेल्यावर दोन्ही पेले शेजारी ठेवले तर कुठल्यात रक्त होते हे रंगावरून सांगता येत नाही. शेवटचा पिवळा एकच आहे.

म्हणजे विकराने जगात काही नवे आणले नाही. जे घडणारच होते तेच घडले, जेवढे घडणार होते तेवढेच घडले. उष्मागतिकीच्या नियमांनी शेवट आधीच ठरवून ठेवलेला असतो आणि कोणतेही विकर त्या निवाड्यात ढवळाढवळ करू शकत नाही. त्याच्या हाती फक्त ‘केव्हा’ आहे. पण जिवंत शरीरात हे ‘केव्हा’ म्हणजे किरकोळ तपशील नव्हे. फुप्फुस सोडून रक्त पुढे गेल्यावर पाच सेकंदांनी बायकार्बोनेटचा वायू झाला तर तो झाल्याचा उपयोग काय? बैल गेला नि झोपा केला. निर्जीव रसायनाला उशीर ठाऊक नसतो. भूगर्भातल्या क्रिया लाख वर्षे घेतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. उशीर ही कल्पनाच सजीवांबरोबर जगात आली असावी, कारण ज्याला मुदत आहे त्यालाच उशीर होऊ शकतो.

याच विकराची दुसरी गंमत अशी की त्याला दिशा नाही. स्नायूंतल्या केशवाहिन्यांत ते कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट करते आणि काही सेकंदांनी फुप्फुसात तोच रेणू, त्याच पेशीत बसून, बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतो. भोवती वायू जास्त असेल तर क्रिया इकडे, कमी असेल तर तिकडे. इथे गीतेतला निष्काम कर्मयोगी आठवण्याचा मोह होतो. सांख्यांचा पुरुषही आठवतो, जो काही न करता नुसत्या सान्निध्याने प्रकृतीला हलवतो, लोहचुंबकाने लोखंड हलवावे तसा. मोह आवरलेला बरा. एकोणिसाव्या शतकात उत्प्रेरकाचे वर्णन जवळजवळ याच शब्दांत केले जाई. तो केवळ हजर असतो, गुंतत नाही, असे मानत. ते खरे नाही. हे विकर गुंतते, पुरते गुंतते.

त्याच्या पोटात खोलवर जस्ताचा एक अणू असतो, हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या तीन घटकांनी धरून ठेवलेला. हे जस्त १९३९-४० मध्ये केंब्रिजमध्येच केलिन आणि मान यांनी शोधले. त्यांच्या शुद्ध नमुन्यात जस्त वजनाने साधारण तीनशेत एक भाग, पण ते काढले की सगळा खेळ संपतो. प्राण्यांना जस्त लागते हे तोवर कळले होते. ते नेमके कशाला लागते याचे पहिले ठोस उत्तर हे. जस्ताला पाण्याचा एक रेणू चिकटतो. एरवी पाणी आपला प्रोटॉन सहजी सोडत नाही, पण जस्ताच्या ओढीमुळे तो सामू (pH) सातच्या आसपासच सुटतो. मागे राहिलेला हायड्रॉक्साइड शेजारी आलेल्या कार्बन डायऑक्साइडवर झडप घालतो आणि बायकार्बोनेट होऊन निघून जातो. जागेवर नवे पाणी येते. माणसाच्या पेशींतल्या सर्वांत वेगवान प्रकारात हे एका सेकंदात सुमारे १० लाख वेळा होते. दर वेळी जस्त आणि पाणी यांचे नाते जुळते, मोडते, पुन्हा जुळते. याला अलिप्तपणा म्हणणे म्हणजे कष्टकऱ्याला संन्यासी म्हणणे झाले.

या दहा लाखांच्या वेगाला अडसर कुठे येतो, हे कळल्यावर मला लग्नाच्या पंगती आठवल्या. तासाभरात किती पाने उठतील हे जेवणारे किती भरभर जेवतात यावर ठरत नाही, खरकट्या पत्रावळी किती लवकर उचलल्या जातात यावर ठरते. इथेही संयोगाला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो सुटलेला प्रोटॉन बाहेर नेऊन टाकायला. त्या कामासाठी विकराच्या तोंडाशी आणखी एक हिस्टिडिन असतो, मागे-पुढे डोलणारा. तो प्रोटॉन उचलतो, बाहेर सोडतो आणि पुन्हा आत वळतो.

ही सगळी अंतर्रचना कळली ती क्ष-किरण स्फटिकशास्त्रामुळे. स्वीडनमधल्या उप्साला येथील गटाने १९७२ मध्ये मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजची रचना प्रसिद्ध केली. त्या गटात के. के. कन्नन हे भारतीय संशोधक होते. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून त्यांनी हेच काम चालू ठेवले. त्रिमितीतली ही जागा इतकी बारकाईने कळली की तिच्यात नेमका बसेल असा रेणू बेतून काचबिंदूवरचे डोर्झोलामाइडचे थेंब तयार करता आले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात ते बाजारात आले.

काचबिंदूचा इथे संबंध काय, असे वाटेल. पण ही एकच क्रिया शरीराने किती ठिकाणी कामाला जुंपली आहे हे पाहिले की थक्क व्हायला होते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या संयोगातून दोन गोष्टी निघतात, एक आम्लाचा प्रोटॉन आणि दुसरे बायकार्बोनेट. ज्याला जे हवे ते त्याने ठेवावे आणि दुसरे पलीकडे द्यावे. जठराला प्रोटॉन हवा असतो. डेव्हनपोर्टने १९३९ मध्ये जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींत हे विकर दाखवले. जेवणानंतर जठर आम्ल गाळत असताना रक्त काही काळ थोडे अल्कधर्मी होते ते यामुळेच. स्वादुपिंडाला उलट बायकार्बोनेट हवे असते. डोळ्याच्या आतले पाणी पाझरवायलाही बायकार्बोनेट लागते, म्हणून विकर दाबले की डोळ्यातला दाब उतरतो. मूत्रपिंडाची तऱ्हा आणखी न्यारी. गाळून गेलेले बायकार्बोनेट त्याला परत हवे असते, पण नलिकेच्या भिंतीतून ते सरळ आत घेता येत नाही. मग बाहेर त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा, तो भिंतीतून सहज आत झिरपतो, आणि आत आल्यावर पुन्हा बायकार्बोनेट. हाडांतही तेच. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशींना आम्ल लागते. विल्यम स्लाय आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले की ज्यांच्यात या विकराचा दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार जन्मतः नसतो, त्यांची हाडे झिजत नाहीत, दाट होत जातात. संगमरवरी हाडे असे या विकाराला म्हणतात. ऐकायला भक्कम वाटते, प्रत्यक्षात ती चटकन मोडतात. पाडकाम थांबले की बांधकामही बिघडते, हे शरीराइतके कोणी सोसलेले नसेल.

हे विकर दाबणारे औषध सापडले ते सल्फा औषधांच्या दुष्परिणामातून. १९३० च्या दशकात सल्फॅनिलामाइडने जंतुसंसर्गाच्या रोग्यांना जीवदान दिले, पण काहींचे रक्त आम्लधर्मी होई, लघवी अल्कधर्मी होई, श्वास जलद चाले. १९४० मध्ये मान आणि केलिन यांनी कारण सांगितले. हे औषध जंतूंखेरीज जस्ताच्या त्या जागीही जाऊन बसते. पुढे बोस्टनच्या श्वार्ट्झने १९४९ मध्ये हाच दुष्परिणाम हृदयविकारातली सूज उतरवायला वापरून पाहिला आणि १९५० च्या सुमारास रॉब्लिन आणि क्लॅप यांनी कितीतरी अधिक जोरकस अ‍ॅसिटाझोलामाइड बनवले. तेच आपल्याकडचे डायमॉक्स. पुण्या-मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली त्याची स्ट्रिप असतेच. विरळ हवेत माणूस जोरजोरात श्वास घेऊ लागतो, त्यात कार्बन डायऑक्साइड फार निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री हा लगाम जास्त जाणवतो. गोळी मूत्रपिंडाला बायकार्बोनेट परत घेऊ देत नाही, रक्त थोडे आम्लाकडे झुकते आणि लगाम सैल होतो. ऑक्सिजन मिळावा म्हणून घेतलेल्या गोळीचा ऑक्सिजनशी थेट काही संबंधच नाही.

गोळी घेणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात. शिवाय सोडा किंवा बिअर यांची चव जाते. १९८८ मध्ये दोन डॉक्टर-गिर्यारोहकांनी याला शॅम्पेनची उदासी असे मिश्किल नाव दिले. कारण पुढे कळले. जयराम चंद्रशेखर, चार्ल्स झुकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की सोड्याचा झिणझिणाट हा केवळ बुडबुडे फुटण्याचा स्पर्श नाही. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींच्या अंगावर या विकराचा एक प्रकार असतो आणि तो सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल बनवतो. सोडा आपण चाखतो तो या विकराच्या जिभेने.

श्वासाविषयी बोलताना आपण कार्बन डायऑक्साइडला कायम कमीच लेखतो. कोरोनाच्या महासाथीत बोटाला लावायचे यंत्र घराघरांत आले, आकडे तोंडपाठ झाले, पण ते आकडे फक्त ऑक्सिजनचे. प्राणायाम शिकवणारेही पूरकावर जेवढे बोलतात तेवढे रेचकावर बोलत नाहीत. वस्तुतः हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्येच दाखवून दिले होते की श्वासाची लय एरवी ठरवतो तो कार्बन डायऑक्साइड. कुंभक फार ताणला की छातीत जो असह्य रेटा उठतो तो मुख्यतः साचलेल्या या वायूचा. विश्रांत अवस्थेतही माणूस मिनिटाला साधारण २०० मिलीलिटर, म्हणजे दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. गंमत म्हणजे शरीर तो सगळा टाकायला बघतच नाही. शिरेतल्या १०० मिलीलिटर रक्तात तो सुमारे ५२ मिलीलिटर असतो आणि फुप्फुसातून परतताना ४८. फक्त चार सुटतात. बाकीचा राखायचा असतो, कारण रक्ताचा सामू त्याच्यावर तोललेला आहे. ज्याला टाकाऊ म्हणतो त्याचाच नव्वद टक्क्यांहून जास्त साठा शरीर जपून ठेवते.

आता एक अडचण, जी पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. त्यांत लिहिलेले असते की हे विकर नसेल तर आपण क्षणात मरू. वाक्य ठसकेबाज आहे, पण तसे होत नाही. फ्लोरिडात टॉमस मॅरेन यांनी आयुष्याचा मोठा भाग या विकराला दिला. त्यांच्या मोजणीनुसार शरीरात ते गरजेपेक्षा इतके जास्त असते की नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त दाबल्याशिवाय परिणाम दिसतच नाही. पूर्ण दाबले तरी विश्रांत प्राणी जगतो. ऊतींत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, त्याचा दाब वाढतो, श्वास वाढतो आणि त्या जादा रेट्याच्या बळावर मंद क्रियाही भागवून नेते. पळायची वेळ आली की मात्र हे नवे गणित कोलमडते. जोरकस श्रमात रक्ताचा फुप्फुसातला मुक्काम पाऊण सेकंदावरून पाव सेकंदाच्या आसपास येतो.

त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट ग्रीसमधल्या इकारिया बेटावरची आहे. मानवी तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनच्या खालोखाल भरपूर असलेले प्रथिन म्हणजे याच विकराचा पहिल्या क्रमांकाचा, जरा संथ प्रकार. १९७७ मध्ये इकारियातल्या एका कुटुंबातली काही भावंडे आढळली ज्यांच्या रक्तात तो जवळपास नव्हताच, आणि त्यामुळे त्यांना काही त्रास असल्याचे दिसले नाही. दुसरा, वेगवान प्रकार सगळे निभावून नेत होता. मग इतका पहिला प्रकार बनवत राहण्याचे प्रयोजन काय? शरीरात जे आहे ते कशासाठी तरी असलेच पाहिजे, ही आपली समजूत अशा ठिकाणी अडखळते, आणि अडखळू द्यावी असे माझे मत आहे. ‘गरजेपुरते’ हा माप घेणाऱ्याचा शब्द आहे. उत्क्रांती मापाने चालत असल्याचा पुरावा मला फार ठिकाणी दिसत नाही.

तीच उत्क्रांती दुसऱ्या बाजूने पाहिली तर मात्र चकित करते. पालकाच्या पानात कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज आहे, जीवाणूंत आहे, मिथेन बनवणाऱ्या आदिजीवांत आहे. स्वाभाविकपणे वाटेल की एकाच पूर्वजाकडून सगळ्यांना वारसा मिळाला. पण प्राण्यांतली, वनस्पतींतली आणि आदिजीवांतली घडण पाहिली तर परस्परांशी काहीच नाते दिसत नाही. प्रथिनाची साखळी वेगळी, घडी वेगळी, फक्त मधल्या धातूची करामत तीच. अशी एकमेकांशी नाते नसलेली निदान अर्धा डझन कुळे आता माहीत आहेत. म्हणजे हे विकर जीवसृष्टीत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा शून्यापासून घडले. डोळा अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला याचे दाखले सर्रास दिले जातात. हा दाखला तितकाच बोलका असूनही मागे पडतो, बहुधा दिसायला काही नसल्यामुळे.

समुद्राच्या पृष्ठभागी तर याहून पुढची गोष्ट आहे. तिथे डायॅटम नावाचे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर वाढते. त्याला प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड हवा असतो, पण समुद्रातला बहुतेक कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात, म्हणजे पुन्हा तोच मंद क्रियेचा प्रश्न. विकर हवे, आणि त्यासाठी जस्त हवे. खुल्या समुद्रातल्या वरच्या थरात जस्त अतिशय दुर्मिळ असते. प्रिन्स्टनमध्ये फ्रान्स्वा मोरेल यांच्या गटाने दाखवले की थॅलॅसिओसिरा जातीच्या डायॅटमात जस्ताच्या जागी कॅडमियम असलेले कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज आहे. कॅडमियम म्हणजे आपल्या मूत्रपिंडांचे आणि हाडांचे विष. जपानमध्ये खाणीतल्या कॅडमियमने दूषित झालेला भात खाऊन माणसांची हाडे ठिसूळ झाली आणि त्या दुखण्याला तिथे ‘इताई-इताई’ म्हणतात. कॅडमियमला जिवंत शरीरात काही काम असल्याचे तोवर कुठेच आढळले नव्हते. डायॅटमात आढळले, आणि तेही याच एका कामावर.